हा हायड्रोजन आला कुठून?

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे, फक्त थोडं नीटनेटकं करून.)



संयोजकांनी मला फोनवर दिलेला विषय होता 'एआय आणि आपल्या नोकऱ्या'. मी होही म्हटलं होतं. पण त्या विषयावर तुम्ही रोज व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं वाचता की मी त्यात भर घालून तुमचं काही भलं होणार नाही. म्हणून मी दुसराच विषय आणलाय, आणि तो ऐकून निम्मे जण चहाला उठतील याची मला कल्पना आहे. विषय आहे ग्रिन्यार रिएजंट. हो, बारावीच्या ऑरगॅनिकमधलाच. आपण ज्याला 'ग्रिगनार्ड' म्हणायचो तो. त्यातला ग बोलायचा नसतो, हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं.

मी केमिस्ट नाही. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. पण गेली बरीच वर्षं मी जे सॉफ्टवेअर लिहिते ते औषधांचे कच्चे घटक बनवणाऱ्या कारखान्यांसाठी असतं. रिअ‍ॅक्टरमध्ये काय टाकलं, किती वाजता टाकलं, तापमान किती झालं, सही कोणाची, हे सगळं जिथं नोंदलं जातं ती बॅच-नोंद कागदावरून कॉम्प्युटरवर आणणं हे माझं काम. त्यामुळे रसायनशास्त्र मला मागच्या दारानं परत भेटलं. आणि त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती आपल्यासमोरच सांगावी असं वाटलं, कारण तिच्यातला मुख्य माणूस आपल्या वऱ्हाडातला आहे.

आधी थोडी उजळणी. घाबरू नका, परीक्षा नाही.

फ्रान्समध्ये लिऑनला बार्बिए नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १८९९ मध्ये जस्ताऐवजी मॅग्नेशियम वापरून बघितलं, पण सगळे घटक एकाच भांड्यात एकदम टाकून. निकाल कधी यायचा, कधी नाही. त्यांचा विद्यार्थी व्हिक्टर ग्रिन्यार. त्यानं काम दोन टप्प्यांत तोडलं. आधी कोरड्या ईथरमध्ये मॅग्नेशियम आणि हॅलाइड यांचं द्रावण बनवायचं, आणि ते तयार झाल्यावरच त्यात किटोन किंवा आल्डिहाइड टाकायचं. १९०० साली त्यानं हे प्रसिद्ध केलं, १९१२ मध्ये नोबेल मिळालं, साबात्येबरोबर विभागून. कार्बनला कार्बन जोडायची ही रीत आज सव्वाशे वर्षांनंतरही कारखान्यांत टनांच्या हिशेबानं चालते. ट्रॅमाडॉल नावाची वेदनाशामक गोळी आपल्यातल्या गुडघेदुखीवाल्यांना माहीत असेल. तिच्या नेहमीच्या पद्धतीत ग्रिन्यार आहे. कपाशी लावणाऱ्यांनी गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावले असतील, २०१७ नंतर तर सगळ्यांनीच लावले. त्या सापळ्यातल्या ल्यूरमधलं द्रव्य म्हणजे गॉसिप्ल्यूर, सोळा कार्बनची साखळी. तशा साखळ्या जोडण्याच्या प्रसिद्ध पद्धतींपैकी काहींतही ग्रिन्यार लागतो. म्हणजे विषय वाटतो तितका लांबचा नाही.

आपण अकरावी-बारावीला गेलो तेव्हा ही अभिक्रिया कधी केली नाही, फक्त लिहिली. बाणाच्या वर 'ड्राय ईथर' लिहिलं नाही तर अर्धा मार्क जायचा. आपल्यातले जे विदर्भ महाविद्यालयात होते त्यांना तिथले ते उंच छताचे वर्ग आठवत असतील. तिथं आमच्या सरांनी सांगितलेलं एक वाक्य मला पाठ आहे, की बाणाच्या खाली काय आहे ते सगळे वाचतात, वर काय लिहिलंय ते वाचा. ईथर ३४.६ अंशाला उकळतं. आपल्याकडे, त्यातून अकोल्याला, मे महिन्यात सावलीतलं तापमान त्याच्या दहा अंश वर असतं. तिथं ईथरची बाटली उघडायची म्हणजे ती प्यायला दिल्यासारखीच, क्षणात हवेत. 'ड्राय' तर पुढची गोष्ट.

पण 'ड्राय' हा शब्द सोपा दिसतो, आणि सगळी गंमत तिथंच आहे. पाणी काढायचं तर काहीतरी घालावं लागतं. मिठाच्या डबीत पावसाळ्यात आपण तांदळाचे दाणे टाकतो. ते ओल शोषतात आणि मिठाशी त्यांचं काही भांडण नसतं. जेवताना एखादा दाणा दाताखाली येतो, एवढंच. प्रयोगशाळेत घालतात ते पदार्थ इतके गरीब स्वभावाचे नसतात. जो पाण्यावर तुटून पडतो, तो पाण्यासारख्याच दुसऱ्या कशावरही तुटून पडू शकतो.

सोडियमचं बघा. सोडियमची तार ईथरमध्ये टाकली की ईथर छान कोरडं होतं. मग कोणाला वाटेल, ब्रोमाइडही तसंच कोरडं करू. तिथं सोडियम पाण्याबरोबरच ब्रोमाइडलाही धरतो आणि दोन तुकडे एकमेकांना जोडून टाकतो. तीच आपली वुर्ट्झ अभिक्रिया, दोन मार्कांची. क्लोरोफॉर्मवर सोडियम टाकला तर प्रकरण स्फोटापर्यंत जातं. कॅल्शियम क्लोराइड त्या मानानं सज्जन, पण अल्कोहोल दिसलं की त्यालाही चिकटतं. मॉलिक्युलर सिव्ह म्हणजे बारीक छिद्रांच्या गोळ्या. त्या पाण्याला फक्त आत कोंडतात, अभिक्रिया करत नाहीत, म्हणून सगळ्यांना आवडतात. पण अ‍ॅसिटोनमध्ये त्यांना निवांत ठेवलं तर अ‍ॅसिटोनच अ‍ॅसिटोनशी जुळायला लागतं.

आणि कारखान्यात जे टीएचएफ, म्हणजे टेट्राहायड्रोफ्युरान, वापरतात, त्याच्या ड्रममध्ये बीएचटी नावाचं संरक्षक आधीच मिसळलेलं असतं. हवेनं पेरॉक्साइड तयार होऊ नये म्हणून. पण बीएचटी हे फिनॉल आहे, त्याला स्वतःचा ओएच आहे, आणि ग्रिन्यारला ओएच म्हणजे पाण्याचा भाऊच. ते काढून टाकायचं तर पेरॉक्साइडची राखण आपल्यावर आली. पेरॉक्साइड जमलेलं टीएचएफ कॉस्टिक पोटॅशनं सुकवायला गेल्यावर स्फोट झाल्याच्या नोंदी रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. पोटॅशही 'कोरडं करणारं'च.

म्हणजे सुकवायला घातलेल्या प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न विचारायचे असतात. पाण्याशिवाय तू आणखी कोणाला धरतोस? आणि तुझं काम झाल्यावर तू कुठं जातोस?

आता कारखाना.

घाटावरच्या एका एमआयडीसीतला. नाव सांगणार नाही, विचारू नका, आपल्यातल्या दोघांना तरी ओळखू येईल. तिथं टीएचएफमध्ये ग्रिन्यार बनवायचे आणि त्यात एक किटोन टाकून औषधाचा मधला घटक तयार व्हायचा. टीएचएफ पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून वापरायचे, त्यामुळे त्यात थोडं पाणी यायचंच. ते मारण्यासाठी एक हायड्राइड टाकत. पिवळसर, दाटसर द्रावण, टोल्युइनमधलं. कारखान्यात त्याला विट्राइड म्हणतात. पाणी भेटलं की हायड्रोजन सोडतं आणि पाणी संपवतं. शिवाय मॅग्नेशियमवरची कळकट थरही साफ करतं, त्यामुळे अभिक्रिया लवकर 'लागते'.

हा 'लागणे' शब्द तिथला. चूल लागते तशी बॅच लागते. आणि तो फार महत्त्वाचा. ग्रिन्यार बनवताना खरा धोका पाण्यानं थोडा माल फुकट जातो हा नाही. मॅग्नेशियम ओलं किंवा गंजलेलं असेल तर अभिक्रिया सुरूच होत नाही. ऑपरेटर वाट बघतो, हॅलाइड टाकत राहतो, रिअ‍ॅक्टरमध्ये हॅलाइड साचत जातं, आणि मग अर्ध्या तासानं ती एकदम लागते. सगळी उष्णता एकाच वेळी बाहेर. म्हणून आधी थोडंसंच, पाच-दहा टक्के हॅलाइड टाकून, लागल्याची खात्री होईपर्यंत हात आखडता ठेवायचा असतो. रात्रीच्या पाळीत हे सगळं दोन माणसं करतात, आणि त्यातला एक बहुतेक वेळा कंत्राटी असतो.

मी तिथं गेले ते त्यांच्या जुन्या एक्सेलच्या नोंदी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायला. एप्रिल संपत आलेला. आणि तिथं आधीच एक भांडण चाललं होतं. उतारा घसरला होता आणि तपासणीच्या आलेखात एक नवीन शिखर दिसत होतं. औषधाच्या धंद्यात हे साधं नाही. रोजची मात्रा २ ग्रॅमपर्यंत असलेल्या औषधात एखादी अनोळखी अशुद्धी ०.१० टक्क्याच्या वर गेली तर ती नेमकी काय आहे हे ओळखून दाखवावं लागतं. मधल्या टप्प्यावर इतकं कडक नसतं, पण तिथली घाण पुढं जाते.

सगळ्यांचं एकमत होतं: पाणी. रात्रपाळीचे लोक रिअ‍ॅक्टर नीट सुकवत नाहीत, नायट्रोजन नीट देत नाहीत, झाकण उघडं ठेवतात. आणि पाणी असेल तर उपाय काय? विट्राइड वाढवा. वाढवलं. अशुद्धी आणखी वाढली. म्हणजे पाणी आणखी येतंय. पुन्हा वाढवलं. रात्रपाळीच्या एका पोऱ्याला नोटीस निघाली होती, पुढच्या महिन्यात कंत्राट बंद.

तो पोरगा अचलपूरकडचा. मी कँटीनमध्ये चहा घेत होते आणि मागून कोणीतरी 'काहून?' म्हटलं. तुम्हाला सांगते, पुण्यात वीस वर्षं काढल्यावर तो एक शब्द कानावर आला की माणूस मान वळवतोच. मी विचारलं, कुठला रे तू. मग अमरावती, अकोला, मामाचं गाव, सगळं निघालं. आणि मग तो जे म्हणाला ते मी त्याच्याच शब्दांत सांगते:

"मॅडम, पानी असतं तं बॅच लागाले वेळ लागला असता नं. ह्या खराब बॅचा तं पटकन लागते. उन्हाळ्यात लयच पटकन. मंग पानी आलं कुठून?"

बस. ही सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. डिग्रीवाल्या सहा जणांच्या मीटिंगमध्ये हे कोणी म्हटलं नव्हतं, कारण मीटिंगमध्ये बसलेल्या कोणीच रात्री तीन वाजता रिअ‍ॅक्टरच्या काचेतून कधी बघितलं नव्हतं.

मी रसायनशास्त्रावर काही बोलू शकत नव्हते, पण आकड्यांचा प्रश्न माझ्या हातातला होता. पहिलं हॅलाइड टाकल्याची वेळ आणि तापमान चढायला लागल्याची वेळ, दोन्ही नोंदींत होत्या. फक्त त्यांची वजाबाकी कोणी केली नव्हती. टीएचएफमधलं पाणी प्रत्येक बॅचला कार्ल फिशरच्या पद्धतीनं मोजलेलं होतं. मी दोन वर्षांच्या बॅचेस काढल्या, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला अशुद्धी, आणि चित्र उलटं आलं. पाणी जास्त त्या बॅचेस स्वच्छ. पाणी कमी त्या घाण. पावसाळ्यात माल चांगला, मार्च ते मे खराब. लागायला लागलेला वेळही तसाच, खराब बॅचेस लवकर लागलेल्या. पोरगा बरोबर होता.

हे आधी का दिसलं नाही? जुन्या एक्सेलमध्ये पाण्याचा आकडा मर्यादेच्या वर गेला की तो खाना लाल व्हायचा. खाली असेल तर हिरवा. हिरव्या खान्याकडे कोण बघतं? आणि विट्राइडची मात्रा नोंदवहीत छापलेलीच होती, ऑपरेटरनं फक्त सही करायची. छापलेला आकडा बदलत नाही, आणि जो बदलत नाही त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. मात्रा वाढवली तेव्हाही नवा आकडा तसाच छापून आला.

आता आकडे. समजा रिअ‍ॅक्टरमध्ये १००० लिटर टीएचएफ आहे, म्हणजे साधारण ८९० किलो. त्यात ५०० पीपीएम पाणी असेल तर ते झालं साधारण ४४५ ग्रॅम. पाण्याच्या एका मोलचं वजन १८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २५ मोल. तिथं १००० मोल ग्रिन्यार बनवायचं आहे आणि एक पाणी एका ग्रिन्यारला मारतं असं धरलं, तर नुकसान अडीच टक्के. वाईट आहे, पण जग बुडत नाही. आता विट्राइडची मात्रा ठरवणाऱ्यानं काय केलं असेल? आषाढातला सगळ्यात ओला ड्रम डोळ्यांसमोर धरला असेल. समजा ७५ मोल हायड्राइड. मे महिन्यात पाणी १० मोल. उरले ६५. ते कुठं गेले? रिअ‍ॅक्टरमध्येच बसून राहिले. आणि किटोन आत आला की ग्रिन्यारच्या आधी त्यांनी तो धरला. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, त्या कारखान्याचे नाहीत. पण प्रकार हाच.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक बाई होत्या, आपल्याच अमरावती विद्यापीठाच्या एमएस्सी. मी आलेख दाखवल्यावर त्यांनी पाच मिनिटं काही म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "हा हायड्रोजन आला कुठून, एवढंच शोधायचं आहे."

त्यांनी जे समजावलं ते मी ट्रॅमाडॉलच्या उदाहरणानं सांगते, कारण ते पुस्तकात आहे. तिथं ३-ब्रोमोअ‍ॅनिसोलपासून ग्रिन्यार बनवतात आणि तो एका किटोनवर जातो. आता पाणी दोषी असेल तर मागं काय खूण राहील? पाणी ग्रिन्यारला मारतं. म्हणजे ब्रोमीन गेलं, त्या जागी हायड्रोजन आला, आणि साधा अ‍ॅनिसोल राहिला, बडीशेपेच्या वासाचा. किटोन बिचारा तसाच, न बदललेला. पण हायड्राइड दोषी असेल तर? हायड्राइड किटोनवर जातं. किटोनचं अल्कोहोल होतं, आणि ग्रिन्यारचा तुकडा त्याला जोडलेलाच नसतो. म्हणजे पाण्याचा हायड्रोजन एकीकडे सापडतो, हायड्राइडचा दुसरीकडे. चोर दोन, पण पायांचे ठसे वेगळे.

त्यांच्या शिखरात किटोनचं अल्कोहोल होतं. अजून एक शंका बाकी होती. काही ग्रिन्यार स्वतःच किटोनला हायड्रोजन देतात, मॅग्नेशियमपासून दुसऱ्या कार्बनवर हायड्रोजन मोकळा असेल तर. पण इथला ग्रिन्यार बेंझिनच्या वलयाचा, तसा देण्यासारखा हायड्रोजन त्याच्याकडे नाही. मग उरला एकच. त्यांनी एकाच ड्रममधलं टीएचएफ घेऊन दोन फ्लास्क लावले. एकात मोजलेल्या पाण्यापुरतं विट्राइड, दुसऱ्यात छापलेल्या मात्रेइतकं. दुसऱ्यात ते शिखर उभं राहिलं, पहिल्यात जेमतेम. दोन दिवसांचं काम. भांडण त्याआधी दोन महिने चालू होतं.

इथं मी थोडी थांबते, कारण आपल्यातल्या कापूसवाल्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. अकोल्याला माझ्या मामांचं जिनिंगमध्ये आयुष्य गेलं. कापसाच्या ढिगात हात घातला की ते सांगायचे, हा आठवर आहे, हा बारावर. आता सीसीआयच्या खरेदी केंद्रावर मशीन लावतात, १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की गाडी परत. पण मामांनी कधी न मोजता एखाद्या गाडीला उन्हात पसरा म्हटलं नाही. जास्त वाळवलेल्या कापसाचा धागा तुटतो, हे जिनिंगमधल्या पोराला माहीत असतं. वाळवण्याची हद्द दोन्ही बाजूंना असते. त्या कारखान्यानं एक बाजू लाल केली होती आणि दुसरी मोकळी सोडली होती.

पुढं काय झालं ते सांगते, थोडक्यात. विट्राइडची मात्रा आता छापलेली नसते. पाण्याचा आकडा भरल्याशिवाय पुढचा खाना उघडत नाही, आणि त्या आकड्यावरून मात्रा निघते. पाणी फार कमी असलं तरी तो खाना आता पिवळा होतो. तेवढं मी लिहिलं. एमएस्सीवाल्या बाईंना मात्र हेही पुरेसं वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की टीएचएफ आधीच मॉलिक्युलर सिव्हच्या कॉलममधून काढा, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये काही घालायलाच नको. सिव्हना तीनशे अंशाच्या आसपास भाजून पुन्हा तयार करावं लागतं, तो खर्च. त्यावर बैठका चालू आहेत, असं शेवटचं ऐकलं.

दुसरा एक उपाय मला फार आवडला, तो त्यांनी नाकारला तरी. आधीच्या बॅचचं थोडं ग्रिन्यार रिअ‍ॅक्टरमध्ये मागं ठेवायचं. नवीन टीएचएफ आत आलं की ते ग्रिन्यार स्वतःला खर्ची घालून पाणी मारतं, आणि नवी बॅचही लवकर लागते. थोडक्यात विरजण. पाहुणा कोणी बाहेरचा येत नाही. जो उपपदार्थ निघतो तो पाण्यानं नाहीतरी निघालाच असता. तिकडच्या कारखान्यांत ही रीत चालते. त्यांनी नाकारलं ते असं, की एक बॅच नासली तर विरजणातून पुढची नासते, आणि मग मूळ दोष कुठल्या बॅचचा हे दाखवता येत नाही. आईनं विरजण नासल्यावर शेजारून मागून आणलेलं आठवतं ना, तसं त्यांना परवडत नाही. त्यांचं बरोबर असेल. मला तरी रीत आवडली.

प्रयोगशाळेतल्या आणि कारखान्यातल्या माणसांनी या गोष्टी नेहमीच्याच मानाव्यात, तर मी इथं कशाला सांगत बसले? कारण आपली मुलं. मघाशी ओळख करून देताना मी मोजलं, या सभागृहात अकरा जणांची मुलं-मुली बी.फार्म किंवा बीएस्सी केमिस्ट्री करताहेत, आणि आणखी चौघांची लागणार आहेत. अमरावती-अकोल्यातून हे पोट्टे थेट एमआयडीसीच्या रात्रपाळीत जातात. त्यांना पहिल्या दिवशी एक छापलेला कागद मिळतो आणि सांगतात, एवढं टाक, सही कर. काहीतरी बिघडलं की पहिला संशय त्या सहीवर. त्या वेळी 'पानी आलं कुठून' असं विचारायची हिंमत त्यांच्यात असायला पाहिजे, आणि ते विचारतील तेव्हा घरी फोनवर आपण 'गप बस, नोकरी सांभाळ' म्हणू नये. मी म्हटलं असतं का? माहीत नाही. माझा मुलगा कॉमर्सला गेला, मी सुटले.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आपण पैसे जमवतोय. स्मार्ट बोर्डचा प्रस्ताव आहे, माझा विरोध नाही. पण काल मी आणि आपल्या वर्गातल्या दोघी जाऊन कपाट बघून आलो. कॅल्शियम क्लोराइडच्या बाटलीत खडे नाहीत, पाणी आहे. हवेतली ओल पिऊन पिऊन ते स्वतःच विरघळलंय. बाटलीवरचं लेबल मात्र व्यवस्थित, 'शुष्क' असंच लिहिलेलं. बाई, ती बाटली टाकू नका अशी माझी विनंती आहे. नवीन आणा, आणि ही तिच्या शेजारी ठेवा, नववीच्या वर्गाला दोन्ही दाखवा. एक चांगला तराजूही घ्या, मिलिग्रॅमपर्यंतचा. रोज सकाळी त्या नव्या बाटलीतला एक खडा काचेवर ठेवून वजन लिहू दे पोरांना. जुलैत आणि मेमध्ये. त्याला पाच हजार रुपये माझ्याकडून, वेगळे.

राहिला तो अचलपूरचा पोरगा. नोटीस मागं घेतली त्यांनी. माफी वगैरे कोणी मागितली नाही, तसं ते मागत नसतात. पण तोपर्यंत त्यानं दुसरीकडं बघून ठेवलं होतं, आणि तो गेला. तिथं पगार जास्त आहे म्हणाला. मधून मधून फोन येतो, बहुतेक रात्री उशिरा, पाळीच्या मधल्या सुट्टीत. गेल्या महिन्यात आला होता. "मॅडम, इथं मॅग्नेशियम सुरू कराले डायब्रोमोइथेन टाकते. ते मंग राह्यते का गॅस होऊन जाते?" मी एमएस्सीवाल्या बाईंना विचारून सांगितलं, त्यातलं इथिलिन वायू होऊन निघून जातं, मॅग्नेशियम ब्रोमाइड मागं राहतं, त्याचा सहसा त्रास नाही. तो म्हणाला, "हाव, पन किती राह्यते ते लिहून ठेवतो मी." आणि त्याची पाळी सुरू झाली म्हणून फोन ठेवला.

मागं पंगत बसायला लागली आहे, वास इथपर्यंत येतोय. थांबते.